गिटारवरचं सोन्याचं पाणी

धातूला स्वतःचा गंध नसतो म्हणे. माणसाच्या कातडीशी त्याची गाठ पडली की मगच तो दरवळू लागतो. हिंजवडीच्या कोंडीतून सुटून केतकी, माझी लेक, संध्याकाळी घरी येते, चहा अर्धाच टाकून इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेते आणि तासाभराने पोळ्या भाजायला माझ्याशेजारी ओट्याशी उभी राहते, तेव्हा तिच्या तळहाताला तो गंध येत असतो. थोडा जुन्या घागरीचा, थोडा पावसाळ्यात धरून ठेवलेल्या खिडकीच्या गजाचा. साबणाने हात धुतले तरी तो रेंगाळतोच. पोळीच्या खरपूस वासात हा आंबूस, ओलसर धातुगंध मिसळला की मला उगाच प्रसन्न वाटतं. कुणाला मोगरा आवडतो, कुणाला केवडा. मला हा आवडतो, त्याला कोण काय करणार!

ती गिटार काळीभोर आहे. घरी आली तेव्हा तिच्या अंगावरचे धातूचे भाग रुपेरी होते. तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज, तारांचे कान पिळायच्या खुंट्या, आवाज टिपणाऱ्या पिकअपवरची झाकणं, सगळं क्रोमचं, आरशासारखं थंड. आमच्या ह्यांना ते पाहवलं नाही. ह्यांचं अवघं आयुष्य चाकणला प्लेटिंगच्या शॉपमध्ये, धातूवर धातूचा थर चढवण्यात गेलं. गाडीच्या आरशाच्या दांड्यांपासून गावच्या देवळातल्या समयांपर्यंत कशाकशाला ह्यांनी झळाळी दिली असेल! केतकीच्या वाढदिवसाच्या आधी ह्यांनी ते सगळे भाग सोडवून एका रुमालात बांधून नेले, जुना क्रोम उतरवला, निकेलचा नवा थर दिला आणि त्यावर सोन्याचं पाणी चढवलं. काळ्या लाकडावर ते पिवळं तेज उजळलं तेव्हा केतकीने एकेका खुंटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पप्पा, आता ही वाजवायची की देव्हाऱ्यात ठेवायची?" ह्यांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं ते मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

पण सोन्याचं पाणी ते, पाण्यासारखंच पातळ! वर्षही उलटलं नसेल, आणि ब्रिजच्या ज्या कडेवर तारा दाबून धरायला तिच्या तळव्याचा मांसल भाग टेकतो, तिथे पिवळेपणा आधी फिका झाला, मग राखाडी डाग उमटले. रोज पिळायच्या खुंट्यांच्या कडा उघड्या पडल्या. सकाळी चाकणच्या धुराड्यांवरही असंच सोनं चढतं आणि पहिल्या शिफ्टच्या बसेस रिकाम्या होईपर्यंत उतरूनही जातं. त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. मग चिमूटभर मुलाम्याचं एवढं काय मनावर घ्यावं? मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे अशी वाक्यं मला सहज सुचतात आणि हे ती ऐकून न ऐकल्यासारखी करतात.

ह्यांनी मात्र ते फार मनावर घेतलं. निवृत्ती तोंडावर आलेली. शॉपच्या मालकांनी आग्रह धरला होता, की घरी बसू नका, नव्या पोरांना काम शिकवायला येत राहा. ह्यांचाही विचार होत आला होता. पण त्या डागांनी सगळं फिसकटलं. हे थेरगावच्या आमच्या गॅलरीत उजेडाला ब्रिज धरून तो उलटसुलट न्याहाळत आणि पुटपुटत, "धुण्यात कमी पडलो का? का बाथमधलं पाणीच बिघडल्यालं?" ह्यांची बोली मोशीची, इतकी वर्षं माझ्या शुद्ध भाषेच्या शेजारी राहूनही ती बाटली नाही. एकदा म्हणाले, "हात गेला माझा. लेकीच्या वस्तूवर जे टिकलं न्हाई, ते मी दुसऱ्याच्या पोरांना काय शिकवू? मालकाला न्हाई म्हणून सांगतो." तीस-पस्तीस वर्षांची विद्या माणूस एवढ्याशा डागापाशी उधळून देतो! मला मनापासून वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला.

त्या रागातच मला ह्यांच्या शॉपमधली एक रीत आठवली. नवा माणूस कामावर आला, की पहिल्या दिवशी त्याला पॉलिश केलेल्या, थर न दिलेल्या पोलादी पट्टीवर अंगठा दाबायला लावतात. पट्टी तशीच ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बघायची. बहुतेकांची पट्टी जशीच्या तशी राहते. एखाद्याच्या घामातच काही तीव्र असतं. त्याच्या पट्टीवर अंगठ्याचा ठसा रेघन्‌रेघ गंजून वर येतो. अशा माणसाला उघड्या हाताने माल हाताळू देत नाहीत. त्याच्या स्पर्शाने मुलामा लवकर मरतो. जेवताना ह्यांनीच सांगितलेली ही गोष्ट. मग केतकीचा हातच तसा असला तर? "उद्या एक पट्टी आणा," मी म्हटलं. हे विसरले. परवाही विसरले. ज्या माणसाने दुचाकीची किल्ली कधी जागा सोडून ठेवली नाही, तो एक पट्टी आणायला रोज कसा विसरतो? शेवटी मी डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली, तेव्हा ती पट्टी घरी आली.

केतकीने हसत हसत अंगठा दाबला. सकाळी पट्टीवर तांबूस ठसा उमटला होता, मधल्या भोवऱ्यासकट. ती नाचलीच. "पप्पा, तुमचं काम पक्कं होतं! माझाच हात वाईट."

ह्यांचे खांदे सैल पडतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. ह्यांनी लेकीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. आणि मला ते वाक्य लागलं, कारण ते माझ्या ओळखीचं होतं. माहेरी उन्हाळ्यात अंगणभर कैऱ्या फोडल्या जात, तेव्हा माझी आत्या मला बरणीपासून लांब बसवायची. एकदा मी कालवलेलं लोणचं बुरसलं होतं. तेवढ्यावरून, हिच्या हाताला यश नाही, हे घरात कायमचं ठरून गेलं. पुढे संसारातही मी लोणचं घातलं नाही. हात वाईट! किती सहज म्हणतो आपण, आणि किती खोल जातं ते! केतकी गाडीत बसून कामाला गेली, आणि मी तिच्या ठशाच्या शेजारी माझा अंगठा दाबला.

दुसऱ्या सकाळी तिथे दोन ठसे होते. माझा किंचित मोठा, रंग तोच.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी ह्यांना म्हटलं.

"व्हय."

"कधीपासून?"

"लग्नाच्या साली. तुझ्या बांगड्यांवरनं."

माझ्या रोजच्या बांगड्या मुलाम्याच्याच. दर दिवाळीआधी हे त्या रुमालात बांधून चाकणला नेतात आणि पाणी देऊन आणतात, "बाजारातल्या मालाचा थरच हलका," असं पुटपुटत. मी इतकी वर्षं बांगड्यांना नावं ठेवली, दुकानदाराला ठेवली. म्हणून ह्यांना पट्टीचा विसर पडत होता तर! लेकीचा हात पट्टीवर आला की माझाही येणार, हे ह्यांना कळत होतं. त्यापेक्षा स्वतःचा हात गेला म्हणणं ह्यांना सोपं वाटलं. "मग बोलला का नाहीत कधी?" मी विचारलं.

"बोलून काय व्हनार व्हतं? हात बदलता येतो व्हय? बांगड्यास्नी पाणी परत देता येतं."

मी आयुष्यभर शब्दांवर शब्द चढवत आले, आणि ह्या माणसाने न बोलता वर्षानुवर्षं माझ्या हातावरचा डाग स्वतःच्या खांद्यावर वाहिला. ह्याला काय म्हणावं? मला त्या सकाळी शब्द सापडला नाही, आजही सापडलेला नाही. ह्यांनी पट्टीवर मशीनच्या तेलाचं बोट फिरवलं. म्हणाले, "आता गंज फुडं जायचा न्हाई. ऱ्हाऊ दे असंच." संध्याकाळी केतकीला सगळं सांगितलं. तिने माझा हात आपल्या हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाली, "आई, मग ह्या उन्हाळ्यात आपण लोणचं घालूच. बुरसलं तर बुरसलं. नाहीतर लाकडी डाव वापरू, पप्पांच्या शॉपमधली तसल्या हाताची पोरं हातमोजे घालतात तसं!"

डाव वापरला. लोणचं अजून टिकून आहे.

हेही मालकांना हो म्हणाले. निवृत्त होऊनही बसने चाकणला जातात आणि नव्या पोरांकडून पहिल्या दिवशी अंगठे दाबून घेतात. ज्याचा ठसा गंजतो त्याला हे काय सांगतात, ते मी विचारलं नाही. पण तो वाईट हात नक्कीच म्हणत नसणार. परवा दिवाळीच्या आधी ह्यांनी तो जुना रुमाल मागितला. मी बांगड्या उतरवून त्यात ठेवल्या. केतकीने आपल्या खोलीतून ब्रिज आणि खुंट्या आणून त्यावर ओतल्या. गाठ मारताना रुमालातून तोच धातुगंध वर आला, आणि त्यात माझ्या हाताचा कुठला आणि तिच्या हाताचा कुठला, ते मला ओळखता येईना.