काकीच्या चुलीवर ढकललेला धूर

हे आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुला सांगतोय, तर मध्ये अडवू नकोस — एकदा थांबलो की परत तोंड उघडणार नाही.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत बॉयलर चालवतो. घर मोरिवलीत, कंपनीच्या भिंतीला लागूनच. आमच्या बर्नरचं डिझेल बंद झालं आणि हॉटेलांतलं तळणाचं तेल गाळून यायला लागलं. बायोफ्युएल म्हणे! सगळे खूश. पण हे तेल जाड. आधी हीटरने तापवायचं, मगच त्याचा बारीक फवारा उडतो आणि नीट जळतो. गार गेलं की अर्धवट जळतं — शिळ्या भज्यांचा वास आणि काळाकुट्ट धूर.

त्या हिवाळ्यात तो हीटर मी जाळला. आत तेल न सोडताच चालू केला. नवशिक्याची चूक! सांगितलं असतं तर काय झालं असतं? साहेबांनी चार शिव्या दिल्या असत्या, बस. पण मी पडलो जुना माणूस, सगळे मला विचारून कामं करणारे — लाज वाटली. गप्प बसलो. गार तेल जाळत राहिलो. महिना, दोन महिने.

शेजारच्या हिराकाकीने तक्रार केली. काका दम्याचे, खोकून खोकून बेजार. चिमणीची तपासणी ठरली. आणि मी काय केलं? धुराचा नमुना घेणारे वर चढायच्या आधी व्हॉल्व्ह फिरवून जुन्या टाकीतलं उरलेलं डिझेल लावलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच.

धूर पास झाला. ते गेले आणि मी परत गार तेल लावलं.

तिथे तरी थांबायचं ना? नाही. तो कागद घेऊन मीच काकीच्या घरी गेलो. तिच्या पडवीत चूल होती, तांदळाच्या भाकऱ्या ती त्यावरच भाजायची. म्हटलं, "काकी, चिमणी साफ आहे. तुझी चूल बघ आधी."

तिचा माझ्यावर विश्वास. लहानपणी तिच्याच हातचं खाल्लेलं. दुसऱ्या दिवशी तिने कुदळीने चूल फोडली. स्वतःच्या हाताने.

काका उन्हाळ्यात गेले. आमच्या धुराने गेले? कोण सांगणार! पण चुलीने नाही गेले, चूल तर केव्हाच फुटली होती — हे मला कळत होतं. काकीला कळत नव्हतं.

दिवसकार्याच्या दिवशी तिने माझा हात धरला. म्हणाली, "माजेच चुलीनं खाल्लं रं त्यांना. तू सांगलंस म्हणून फोडली, पन तवर मीच उशीर केलेला."

तेव्हा तरी बोलायचं. शब्द तोंडापर्यंत आले होते, खरंच. आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "जाऊ दे काकी. झालं ते झालं. तू मुद्दाम थोडंच केलंस?"

म्हणजे मी तिला माफ केलं. आणि तिने डोळे पुसून माझ्या ताटात आणखी एक वडा वाढला. मी तो खाल्ला.