म्हाताऱ्या जनावराचा गुडघा

रोसिलीच्या हातचं वाढतं, असं त्रिशूरच्या त्या संशोधन केंद्रात सगळे म्हणत. वाढायच्या त्या पेशी. रेड्याच्या गुडघ्यावरची पांढरी, गुळगुळीत कूर्चा ती काकडी सोलावी तशी सोलायची, त्यातल्या पेशी औषधाने सुट्या करून बशीत गुलाबी पाण्यात घालायची आणि बशा उबेच्या कपाटात ठेवायची. मग एक दिवसाआड पाणी बदलायचं. ओणम असो की नाताळ. एका नाताळला पाहुणे जेवायला बसायच्या वेळी ती केंद्रात निघाली, तेव्हा नवरा चिडला. "तुमचं पान वाढून ठेवलंय, माझ्या पोरांचं कोण वाढणार?" असं त्यालाच सुनावून ती गेली.

बाटल्या धुवायला म्हणून ती लागली होती. सव्वीस वर्षांत तिने नऊ जणांचे प्रबंध पार पाडून दिले. दहावी शाहिना. वय झालेल्या, झिजलेल्या गुडघ्यातल्या पेशींपासून नव्या कूर्चेचं ठिगळ बनतं का, हे शाहिनाला दाखवायचं होतं. तयार झालेलं ठिगळ एका यंत्रात ठेवायचं आणि माणूस चालताना गुडघ्यावर पडतो तसा दाब त्याच्यावर पुन्हा पुन्हा द्यायचा. शाहिनाची ठिगळं लाख दाबांनंतरही शाबूत राहिली. परगावचे दोन प्राध्यापक मुद्दाम बघून गेले. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते.

त्या रविवारी रोसिलीच्या घरी मांस शिजेना. एरवी चार शिट्ट्यांत खोबऱ्याच्या कापांसकट मऊ व्हायचं. आठ झाल्या तरी चिवटच. नवऱ्याने घास चावत म्हटलं, "चप्पल बरी लागेल."

संध्याकाळी ती तडक मोइदू खाटकाच्या दुकानात गेली. केंद्रात लागणारे गुडघेही ती त्याच्याकडूनच घ्यायची. ती त्याला इक्का, म्हणजे दादा म्हणायची आणि तो तिला चेची, म्हणजे ताई.

"मोइदूक्का, सकाळी काय दिलंत मला?"

"रागावू नका चेची. आज म्हातारंच जनावर होतं. तुमचं नेहमीचं कवळं मिळालंच नाही."

"नेहमीचं कवळं?"

"दोन वर्षांचं. वर्षभर तुम्हाला त्याचंच देतोय की. मांस त्याचं आणि गुडघेही त्याचेच."

"गुडघे म्हाताऱ्याचे हवेत म्हणून सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंत. पण म्हाताऱ्याचे गुडघे बघितलेत कधी? पिवळे, खरखरीत. ते कुत्र्याला टाकतो मी. पहिल्यांदा चांगला पांढरा निघाला, तेव्हा तुम्हीच खूश होऊन म्हणालात, 'असाच देत जा.' एवढ्या वर्षांचं गिऱ्हाईक तुम्ही, तुम्हाला कचरा देऊ?"

ती म्हणाली होती. ते तिला लख्ख आठवलं. वांगी घेताना कीड नसलेली निवडावीत, तसा तो गुडघा तिने हातात फिरवून पाहिला होता. नंतर वर्षभर ती वहीत जनावराचं वय 'दहाच्या वर' लिहीत गेली, पुन्हा न विचारता. म्हाताऱ्या जनावराची कूर्चा इतकी जाड आणि दुधासारखी नसते, हे सव्वीस वर्षं सोलणाऱ्या बाईला कळत नव्हतं असं कसं म्हणायचं? पोरीचं चांगलं चाललं होतं. ते चांगलं बघायची सवय झाली होती, एवढंच.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाला कळणार आहे का?"

"नाही."

"मग?"

रोसिली भांडी घासायला बसली. उठताना डावा गुडघा कुरकुरला, तशी ती ओट्याला धरून क्षणभर थांबली. अशाच कुणाच्या तरी गुडघ्यात ते ठिगळ बसवायचं होतं. रेडकाच्या नव्हे.

सोमवारी शाहिना संगणकावर आलेख रंगवत होती. रोसिलीने दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं, मध्ये न थांबता.

शाहिना हसली. "चेची, थट्टा करताय."

"नाही पोरी."

"चार वर्षं! माझं लग्न प्रबंधासाठी थांबलंय, माहीत आहे ना? आणि तुम्ही मला शिट्ट्या सांगताय?" मग एकदम आवाज खाली आणून, "आणखी कुणाला बोललात?"

"नाही. चूक माझी आहे. वही माझ्या अक्षरात आहे. तुझ्या मार्गदर्शक बाईंना मी सांगते, तू नुसती बरोबर चल."

"आणि मी नाही आले तर?"

"तर मी एकटी जाईन."

शाहिना पंधरा मिनिटं स्वच्छतागृहात होती. बाहेर आली ती तोंड धुऊनच. "चला," म्हणाली. पुढचे दोन आठवडे ती कामापुरतंच बोलली. बाईंनी प्रबंध आठ महिने पुढे ढकलला.

रोसिलीने मोइदूकडे जाऊन जनावरांच्या तोंडात बोट घालून दात बघायला सुरुवात केली. "नवरी बघायला आलात की काय?" मोइदू म्हणायचा. पिवळे, खरखरीत गुडघे आले. त्यातून मूठभर पेशी निघायच्या, त्याही बशीला धड चिकटायच्या नाहीत. पाणी बदलताना रोसिली श्वास रोखून धरायची. पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या.

तिसऱ्या खेपेचं ठिगळ पातळ होतं, पण होतं. यंत्र सुरू झालं. दोघी स्टुलांवर बसून राहिल्या. तासांमागून तास गेले आणि दुपारी तडा गेला.

शाहिनाने आकडा वाचला. "नऊ हजार दोनशे."

"लाख कुठे आणि हे कुठे," रोसिली पुटपुटली.

शाहिनाने वही पुढे ओढली. "चेची, जनावराचं वय?"

"अकरा. मी स्वतः दात बघितलेत."

"मग हे खरं आहे," शाहिना म्हणाली आणि आकडा लिहू लागली.