माझा शांत चेहरा

माझी भाची मानसशास्त्रात संशोधन करते. एका रविवारी ती आमच्या वारज्याच्या घरी आली आणि म्हणाली, "मामा, तुमचे दोन फोटो हवेत. एक रागावलेला, एक शांत."

चारचौघांत ज्यांना फार धास्ती वाटते, त्यांच्यासाठी ती संगणकावरचा एक सराव तयार करत होती. पडद्यावर क्षणभर दोन चेहरे दिसतात, एक रागीट, एक शांत. ते पुसले जातात आणि शांत चेहऱ्याच्या जागी ठिपका उमटतो. तो ज्या बाजूला असेल, तिकडचं बटण दाबायचं. असं शेकडो वेळा केलं की नजर रागीट चेहऱ्यावर अडकून राहत नाही, अशी कल्पना.

"खरंच गुण येतो?" मी विचारलं.

"काहींना येतो, काहींना नाही. तेच तर तपासतोय."

परदेशी चेहरे इथल्या लोकांना परके वाटतात, म्हणून तिला आपली माणसं हवी होती. सरकारी कचेरीत दाखल्यांच्या खिडकीवर मी बत्तीस वर्षं काढली, तेव्हा शांत चेहऱ्याचा अनुभव दांडगा. मी फोटो दिले, कागदावर सही केली.

पंधरा दिवसांनी ती परत आली. "मामा, जरा घोळ झालाय. फोटो लोकांना दाखवून खात्री करून घेतो ना आम्ही, त्यात तुमचा शांत फोटो बहुतेकांनी रागीट ठरवला."

"आणि रागावलेला?"

"तो बघून हसले." मग तिने विचारलं, "शांत फोटो रागीट म्हणून वापरला तर चालेल?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "खुशाल वापर. आम्ही तसाच वापरतो."

पुढे काही महिन्यांनी आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये एक मुलगी भाड्याने राहायला आली. अमरावतीकडची, हिंजवडीत नोकरीला. सुरुवातीला जिन्यात भेटली की नमस्कार करायची. मग एकदम बंद झालं. मी दिसलो की मान वळवून भिंतीकडे बघत उतरायची. पुण्याचं पाणी लवकर लागलं, असं मी बायकोला म्हणालो.

एकदा आमच्या बाथरूमच्या छताला ओल आली, म्हणून मी वर गेलो. तिने दार उघडलं आणि नजर चौकटीकडे वळवली. पाणी कुठून गळतंय ते मी चौकटीच्या दिशेनेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चाचरत विचारलं, "काकाजी, तुम्ही कॉम्प्युटरमध्ये आहात का?"

ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की तिचा आवाजच फुटत नसे. डॉक्टरांनी तिला भाचीच्या त्या सरावाला पाठवलं होतं. "रोज सकाळी तुम्ही डावीकडे आले की मी उजवीकडे पाहून राहिली. आता सवयच लागली."

"म्हणजे उपचार लागू पडला म्हणायचा. आणि ऑफिसात?"

"ऑफिसात अजून सगळे दिसतात," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली.

तिने मला ओळखल्याचं भाचीला स्वतःच कळवलं. त्या मुलीच्या सरावातून माझा फोटो निघाला, आणि ती मुलगी संध्याकाळी आमच्याकडे चहाला येऊ लागली. मीटिंगमध्ये जे सांगायचं ते आधी आमच्यासमोर उभी राहून बोलायची. मला सूचना एकच होती, "काकाजी, तुम्ही नुसते बसा. चेहऱ्याचं काही करू नका." पहिल्या दिवशी तिसऱ्या वाक्याला गाडी अडली. आठवड्याभरात शेवटापर्यंत पोहोचू लागली. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, बायको मात्र मान डोलवायची.

गुण सरावाचा की आमच्यासमोर बोलण्याचा, हे मी भाचीला विचारलं. ती वैतागून म्हणाली, "मामा, आता ते कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही सगळी भेसळ केलीत."

मीटिंग झाल्यावर मुलगी थेट आमच्याकडे आली. दोनदा अडखळले पण थांबले नाही, म्हणाली. समोरचे एक साहेब पूर्ण वेळ कपाळाला आठ्या घालून बसले होते.

"घाबरलीस?" बायकोने विचारलं.

"थोडीशी. मग म्हटलं, चेहराच तसा असेल."