चौदा नंबरच्या चपला

मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी, फ्रिस्कोतल्या आमच्या कॉलनीच्या क्लबहाउसमध्ये, पंचवीस डॉलरच्या बक्षिसासाठी, मी, माझी बायको, मेहुणी, भाची आणि साधारण चाळीस शेजारी यांच्या समक्ष माझ्या साडूने सिद्ध केलं, की भुताखेतांशी त्याच्याइतकं अदबीने वागणारा माणूस अख्ख्या टेक्सासात दुसरा नाही. याची आकडेवारी माझ्याकडे नाही, पण पैज लावायला मी तयार आहे, आणि एरवी मी पैज लावत नाही.

साडू मूळचा सिंधुदुर्गातला. गेली वीस वर्षं इथे बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळतो. पण त्याच्या मते प्रत्येक जागेला एक राखणदार असतोच. उंच, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तो रोज शिवेवरून फेरी मारतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून गावकरी त्याला दरवर्षी नव्या वाहतात. हा नियम अमेरिकेला लागू नाही, असं साडूला कुणी लेखी कळवलेलं नाही. त्यामुळे कुठल्याही नव्या जागेत शिरताना तो आधी नारळ ठेवतो आणि गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं म्हणजे राखणदाराला केलेला तोंडी अर्ज. त्यातल्या दर वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. बाकीचे म्हणजे बहुतेक वेळा मी एकटा. मी नागपूरचा, पहिल्या खेपेला मी ‘यस’ म्हणालो होतो. घर घेताना सह्यांच्या टेबलावर त्याने नारळ ठेवला, तेव्हा कागदपत्रं करणारी बाई संकोचून म्हणाली, आम्ही भेटवस्तू घेत नाही. हा म्हणाला, “मॅडम, धिस इज नॉट फॉर यू.” एकदा मोटेलात त्याच्या उदबत्तीने फायर अलार्म वाजला आणि सगळे पाहुणे पायजम्यांत पार्किंगमध्ये येऊन उभे राहिले. मी लाजेने अर्धा झालो. साडू मात्र हरखला. “बघा साडूभाऊ, व्हय म्हाराजा म्हणायला केवढी माणसं जमली.”

तर कॉलनीने पिक्सेल आर्टची स्पर्धा ठेवली. विषय, पुराणांतले आणि लोककथांतले अद्भुत जीव. चित्र कॉम्प्युटरवर, बत्तीस बाय बत्तीस चौकोनांत, रंग फक्त सोळा. साडूने आयुष्यात कधी फुलपाखरूसुद्धा काढलेलं नाही. पण भाची म्हणाली, “बाबा, इट्स जस्ट स्क्वेअर्स. एकेक भरत जायचं.” झालं. त्या दिवसापासून मला ऑफिसात फोन सुरू झाले. घोंगडीला किती चौकोन देऊ, मिशीला दोन पुरतील का. मी हिशोब मांडून दिला. डोकं, धड, काठी धरली की चौकोन गुडघ्यापाशीच संपत होते. पावलांना जागा उरत नव्हती.

“मग थोडा बुटका काढा की,” मी म्हणालो.

 

“बुटका?” तो म्हणाला. “आणि माझं काम घेऊन कुठल्या तोंडाने जाऊ त्याच्याकडे?”

काम काय होतं, ते तेव्हा कळलं. ऑगस्टमध्ये भाची पीएचडीसाठी स्टेट कॉलेज नावाच्या दूरच्या गावी निघाली होती, पहिल्यांदाच एकटी. गावचा राखणदार शीव ओलांडत नाही, आणि तिकडच्याशी साडूची ओळख नाही. निदान चित्रातून तरी कुणाच्या कानावर जावं, एवढाच त्याचा हेतू. पोरीला हे सांगायची सोय नव्हती. ती म्हणाली असती, “बाबा, दाराला लॉक आहे.”

स्पर्धेच्या दिवशी पडद्यावर आधी ड्रॅगन आले, जलपऱ्या आल्या, पंखांचा एक घोडा आला. मग साडूचं चित्र आलं. एक उंबरठा, आणि त्यापुढे दोन अवाढव्य रिकाम्या चपला. उरलेले सगळे चौकोन त्यांनाच दिलेले. अंगठेसुद्धा नीट शिवलेले.

परीक्षक होत्या आमच्याच गल्लीतल्या निवृत्त चित्रकला शिक्षिका. “लव्हली सँडल्स,” त्या म्हणाल्या. “बट व्हेअर इज द क्रीचर?”

साडू अदबीने उभा राहिला. “ऑन ड्यूटी, मॅडम.”

हॉल इतका हसला की लेमोनेडचा जग आडवा झाला. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. पण जीव दिसलाच पाहिजे हा नियम होता. बक्षीस नऊ वर्षांच्या एका मुलीच्या सात डोक्यांच्या ड्रॅगनला गेलं. मी मोजली, डोकी सहाच होती. हे सांगायला मी उठत होतो, तेवढ्यात बायकोने बाहीला धरून मला खाली बसवलं.

परतताना गाडीत भाचीने विचारलं, “सो बाबा, त्याची ड्यूटी कुठे आहे?”

साडू समोरच्या काचेतून बघत म्हणाला, “स्टेट कॉलेज.”



ऑगस्टमध्ये आम्ही तिला पोचवायला गेलो. मला नेलं ते अर्थात ‘व्हय म्हाराजा’साठी. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये साडूने नारळ ठेवला, हात जोडले आणि लेकीसाठी गाऱ्हाणं घातलं. “ह्या जाग्याच्या राखणदारा म्हाराजा, आमचा चेडू तुझ्या शिवेत येता हा, तेका सांभाळ रे म्हाराजा.” मी म्हणायला तोंड उघडलं, तर शेजारून भाचीच्या अमेरिकन वळणाने आधीच आलं, “व्हय म्हाराजा.” साडूला पुढचं वाक्य आठवेना. मग त्याने पिशवीतून चौदा नंबरच्या नव्या चपला काढल्या आणि तिच्या दाराशी नीट लावून ठेवल्या.

मार्चमध्ये व्हिडिओ कॉलवर साडूला त्या चपलांचे घासलेले तळवे दिसले. तो पेढे घेऊनच माझ्याकडे आला. “पाहिलंत ना, केवढा फिरतोय बिचारा.”

त्याच संध्याकाळी भाचीचा फोन आला. “काका, कचरा टाकायला मीच घालते त्या. दारातच असतात ना. बाबांना सांगू नका हं.”

मी सांगितलं नाही. नवी जोडी तिने स्वतः, स्टायपेंडमधून मागवली आणि मला हिशोब आवडतात म्हणून पावती पाठवली. पोस्टेज धरून अडतीस डॉलर सत्तर सेंट. नंबर चौदा. कचरा टाकायला तिला सहा नंबरच्या पुरल्या असत्या.