चढावरचे हात

"हात लावू नका," हे अप्पांचं पहिलं वाक्य, आणि बहुतेक वेळा शेवटचंही. उघडलेली मोटार असो की पान्यांची पेटी, दुसऱ्याचा हात पुढं आला की ते आपला तळवा आडवा धरायचे, चौकातला पोलीस गाड्या थोपवतो तसा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. मदत करू गेलं की त्याला अपमान वाटतो.

परभणीत त्यांचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं आणि शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानात मी कामाला. सातवीतच शाळा सोडून चिपळूणकडून इतक्या लांब आलेला. इथली बोली अर्धी कळायची नाही, ज्वारीची भाकरी घशाखाली उतरायची नाही, आणि काम सुटलं तर कुठं जायचं ही धास्ती कायम. तापानं पडलो तेव्हा अप्पांनी बरा होईपर्यंत घरून मऊ भात पाठवला. आभार मानायला गेलो तर तळवा आडवा. "भात खा पाव्हणं. भाषण नको."

खेड्यापाड्यांत दुरुस्तीला ते सायकलवरच जायचे. एकदा विहिरीवर मोटार उतरवताना पाठीवर पडले आणि डॉक्टरांनी सायकल बंद केली. मी भेटायला गेलो तर खाटेवर उताणे पडून हवेत पायडल मारत होते.

"पाय चालायलेत. पाठच चालत न्हाई. मग तिला निजू द्या की, खामखा कशाला उठवायची?"

त्यातून ती गाडी झाली. पुढं दोन चाकं, मागं एक, मध्ये खाटेच्या नवारीची आडवी बैठक, आणि पायडल पार नाकासमोर. पाइप सगळे मी जोडले. अप्पा तिच्यात पडून निघाले की गळ्यातलं लिंगायतांचं लिंग छातीवर गप्प बसायचं आणि गल्ली हसायची. "अप्पा, उशी देऊ का?" कुत्री तर चवताळायचीच, कारण माणसाचं तोंड त्यांच्या तोंडासमोर आलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्या साली एका तरुण मंडळानं लांब पल्ल्याची सायकल-फेरी ठेवली. परभणीहून बोरी, जिंतूर, देवगाव फाटा आणि त्याच रस्त्यानं परत. नंबर नव्हते. दिवस मावळायच्या आत यायचं, आणि वाटेत सायकलला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये, लागला की बाद. नियम जणू अप्पांनीच घातलेला. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाले, फेरी दोनदा पुढं ढकलली, आणि दोन्ही वेळा ते साखळीला तेल घालून तयार बसलेले. पाठ मोडल्यावर एकदा तरी कुणाच्या हाताशिवाय जाऊन यायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

मी माझ्या सायकलवर मागं. काही तुटलं तर हात त्यांनीच लावायचा, मी नुसतं लांबून सांगायचं. सगळा जीव माझ्याच जोडांत अडकलेला.

खरा त्रास माणसांचा झाला. झोपलेला माणूस गाडीवर दिसला की लोकांना दवाखानाच आठवायचा. "कुठं न्यायलाव पेशंटला?" बोरीत एक बाई, चक्कर आली समजून, हुंगवायला कांदा फोडून घेऊन आली. प्रत्येक गावात कुणीतरी ढकलायला धावायचं आणि अप्पांचा तळवा आडवा व्हायचा. चांगुलपणाचा इतका वैताग मला आयुष्यात आला नाही.

जिंतूरच्या अलीकडं चढ लागला. त्या गाडीत पडलं की मागचं काही दिसत नाही. पायथ्याच्या वस्तीवर निळा झेंडा होता. तिथून एक म्हातारे आणि दोन जवान पोरं धावत आली आणि म्हाताऱ्यांनी बैठकीच्या दांडीकडं हात नेला. घामानं निथळणाऱ्या अप्पांनी न बघताच तो झटकला. "काढा म्हणलं ना!"

म्हातारे आपल्या तळव्याकडं बघत उभे राहिले.

"आजा, मागं या," एक पोरगा म्हणाला. त्याची नजर अप्पांच्या गळ्याकडं होती. "आपला हात चालत न्हाई त्यांना."

फेरीवर नजर ठेवायला मोटारसायकलवरून फिरणारा पंच घाईनं म्हणाला, "दांडीला लागला नाही, मी पाहिलंय. चला अप्पा."

अप्पांनी मान वळवली. "फेरीचा नियम हाय बाबा. कुणाचाच हात चालत न्हाई."

"नियमच असतेत," पोरगा म्हणाला.

 अप्पांनी पाय पायडलवरून काढले.

"लावा. तिघंबी लावा."

"बाद व्हताल न्हवं?" म्हातारे म्हणाले.

"होऊ द्या."

मी कळवळून म्हणालो, "अप्पा, इतकी वाट बघितली, आता..." तळवा माझ्याकडं आडवा झाला.

तिघांनी गाडी माथ्यावर नेली. "लय हलकी हाय की," म्हातारे म्हणाले. अप्पा त्यांच्या तांब्यातून पाणी प्याले. पंचानं त्यांना बाद केलं.

ती माणसं गेल्यावर मी पंचाला भरीला घातलं, आणि तो तयारही झाला. खाली जाऊन पुन्हा स्वतः चढायचं, म्हणजे बाद धरणार नाही. अप्पा नाही म्हणाले. "मग त्यांचा हात पुसून टाकल्यासारखं होईल ना पाव्हणं."

देवगाव फाट्यापर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी फेरी मात्र पुरी केली, ऊन असतानाच परभणीत शिरले. मंडपातल्या लोकांना टाळ्या वाजवायच्या की नाही ते ठरेना. प्रमाणपत्रं वाटली, अप्पांना अर्थातच नाही. त्यांचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं. तरी आजही तो चढ आठवला की जीव चरफडतो. फेरीचा दिवस सोडून दुसरा कुठलाही दिवस चालला असता.

पुढं मी अजून लांब कामाला गेलो. अप्पा गेल्याचं उशिरा कळलं. गेलो तर त्यांच्या मुलीनं दुकान उघडून गोणपाटाखालची गाडी दाखवली. मी आधी माझे जोड बघितले, शाबूत होते. मग आडवा होऊन पाय मारले. साखळी गंजलेली, चाक जागचं हलेना.

"काका, लावू का हात?" मुलीनं मागून विचारलं.

मी सवयीनं कोपऱ्यातल्या अप्पांच्या रिकाम्या स्टुलाकडं बघितलं. तळवा आडवा झाला नाही.