मृणालच्या मागच्या अंगणातले बाबा

या सदराचा मी जुना वाचक, पण टाइमपास म्हणून वाचणारा. कुणाच्या गाडीत मागे कोण येऊन बसलं, कुणाला विहिरीवर कोण दिसलं... वाचायचं, हसायचं आणि बायकोला "हे ऐक, काय लिहिलंय" म्हणून वाचून दाखवायचं. मी बोईसरला एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज आहे. विचित्र वास आला तर आम्ही लिंबू-मिरची शोधत नाही, लीकेज शोधतो. माझं डोकं तसंच घडलंय. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही मला हसलात तर माझी अजिबात तक्रार नाही. मी तुमच्या जागी असतो तर हसलोच असतो.

गोष्ट माझ्या बाबांची आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या घराची आहे. घर तिचं म्हणजे भाड्याचं, आणि तेही इथे नाही – हॉलंडमध्ये.

बाबा मूळचे साताऱ्याकडचे. तारापूरच्या वीज प्रकल्पात लागले आणि इकडचेच झाले. नोकरीभर कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहिले, रिटायर झाल्यावर बोईसरला भाड्याने, आणि आई गेल्यावर माझ्याकडे. स्वतःच्या नावाची वीट त्यांनी कधी घेतली नाही. पण भाड्याचं घर कसं बघावं, यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. भिंतींचा रंग वगैरे ते बघायचेच नाहीत. मागच्या दारात जाऊन उभे राहायचे. एक हात कमरेवर, मान जरा वाकडी. "घर पुढून सगळेच सजवतात," म्हणायचे, "मागच्या दारी गेलं की कळतं माणसं कशी राहत होती ते."

मृणाल आणि तिचा नवरा अभय दोघेही आयटीत. तिकडे घरं मिळणं म्हणजे महाकठीण काम – एका घरामागे पंधरा-वीस जणांची रांग, आणि मालक तुमची मुलाखत घेणार. शेवटी एका उपनगरात त्यांना घर मिळालं. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, पुढे झुडपांची कापलेली कुंपणं, गल्लीच्या टोकाला कालवा, त्यात बदकं. झाडीच झाडी. आणि शांतता एवढी, की व्हिडिओ कॉलवर तिच्या फ्रिजची घरघर आम्हाला बोईसरला ऐकू यायची. आमच्या इथे रस्त्यावरचे टँकर तिला ऐकू यायचे.

घराच्या मागे एक छोटं अंगण, आणि अंगणाच्या शेवटी लाकडी फाटक. फाटक उघडलं की मागची चिंचोळी गल्ली. बाबांना ते फाटक भारी आवडलं. "म्हणजे मागून पण येता येतं की!" असं म्हणून त्यांनी तिला चार वेळा फोन घेऊन मागे-पुढे फिरवलं.

त्यांना ते घर बघायला जायचं होतं. एवढंच. अॅमस्टरडॅम नको, ट्युलिप नको. "लेकीचं घर एकदा डोळ्यांनी बघून आलो की झालं." पासपोर्ट काढून झाला, स्वेटर आणून झाला... आणि किडनीचं निघालं. आठवड्यातून तीनदा पालघरला डायलिसिस. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, विमानाचा विचार सोडा. घरी आल्यावर बाबांनी तो स्वेटर नीट घडी करून माझ्या कपाटात ठेवला. मला लहान होईल हे माहीत असूनही.

डायलिसिसच्या माणसाला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. बाबांकडे स्टीलचं एक छोटं भांडं होतं, त्याने मोजून दिवसाचं पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवायचे आणि त्यातूनच घोट घोट घ्यायचे. बाटली संपली की संपलं. कितीही घसा कोरडा पडला तरी मागायचे नाहीत.

दुपारी जेवून हॉलमधल्या पलंगावर पडायचे, ते चार-साडेचारपर्यंत. आधी ही झोप सावध असायची, खुट्ट झालं की जाग. पण त्या हिवाळ्यात गाढ झोपू लागले. मुरब्याहून आमच्याकडे मासळी घेऊन येते ती जमनामावशी एकदा दारात टोपली उतरवता उतरवता आत बघून मला म्हणाली, "बाबा झोपेत हसते बग. कुटं फिराया गेलाय वाटते. नको उठवू, बरा हाय तो." मी हसलो आणि बोंबलाचा भाव विचारला.

त्यानंतर काही दिवसांनी मृणालचा फोन आला. आवाजात गंमत होती. तिच्या शेजारी विलमा नावाची म्हातारी राहते, एकटीच. ती कुंपणावरून म्हणाली, "तुझे वडील आलेत वाटतं! सांगायचं नाही का?" मृणाल म्हणाली, नाही हो, माझे वडील भारतात आहेत, आजारी आहेत. म्हातारी ऐकेना. म्हणे सकाळी साडेदहा-अकराला अंगणात होते. टक्कल, बारीक अंगकाठी, एक हात कमरेवर. "मी हात केला, तर त्यांनी दोन्ही हात असे जोडले. आणि त्यांना चपला घालायला सांग. या थंडीत अनवाणी काय फिरतात!"

तिकडचे साडेदहा-अकरा म्हणजे आपले दुपारचे तीन-साडेतीन.

मी मृणालला म्हणालो, त्या बाईंचं वय काय? कोणी गॅस-पाण्याचा मीटर बघायला आलेला असेल. ती म्हणाली, "अनवाणी?" मग दोघंही हसलो.

पण म्हातारीला ते पुन्हा दिसले. आणि पुन्हा. कधी फाटकापाशी, कधी अंगणात वाकून गवत उपटताना. प्रत्येक वेळी मृणाल आणि अभय ऑफिसात. म्हातारीला भीती वगैरे काही नव्हती. उलट मृणालवरच तिचा राग, की वडिलांना दिवसभर एकटं टाकून जातेस.

मी बाबांना काही सांगितलं नव्हतं, शपथेवर सांगतो. एक दिवस चहा पिताना तेच म्हणाले, "मृणालला सांग, तो कचऱ्याचा मोठा हिरवा डबा आहे ना मागे, त्याच्या खालची फरशी हलतेय. पाय मुरगळेल तिचा." मी विचारलं, तुम्हाला काय माहीत? तर माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच वेड्यासारखं काहीतरी विचारलंय. "अरे, हलतेय म्हणून हलतेय म्हटलं."

मी तो निरोप मृणालला दिला. तिने डबा सरकवला. फरशी हलत होती. राहायला आल्यापासून डबा तिथेच होता, खाली काय आहे हे तिलाही माहीत नव्हतं. मग मात्र फोनवर आम्ही दोघंही हसलो नाही. ती रडायला लागली. म्हणाली, "दादा, बाबा माझ्याकडे येतात आणि मी घरात नसते रे..."

मी नेहमीप्रमाणे तिला समजावलं. व्हिडिओत दिसलं असेल, योगायोग असेल, म्हातारीने आधी कधी तुझ्या फोनवर फोटो पाहिला असेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असू दे. मी रजा घेते. तू फक्त एक कर, बाबा झोपले की मला मेसेज टाक."

माझी फर्स्ट शिफ्ट होती. तीनला सुटून तडक घरी आलो. बायको शिक्षिका, ती शाळेतून यायची होती. आदल्या दिवशीच डायलिसिस झालेलं असल्याने बाबा थकलेले होते, पण चेहरा चांगला होता. ते पलंगावर झोपले होते, श्वास एकसारखा. मी "झोपले" असा मेसेज टाकला. तिचं लगेच उत्तर – "मी किचनच्या खिडकीत बसलेय. चहा घेतलाय. अंगण समोर दिसतंय."

मी समोरच्या खुर्चीत बसून राहिलो. स्वतःवरच चिडलो होतो, कसला खुळेपणा चाललाय म्हणून. पाच-दहा मिनिटं गेली असतील. बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. मग त्यांचे पाय हलले. डोळे मिटलेलेच, पण ते उठून बसले. पाय पलंगाखाली सोडले. अगदी सावकाश, सवयीने केल्यासारखे उभे राहिले आणि एक हात कमरेवर ठेवला.

मी घाबरलो. बीपी कमी असायचं त्यांचं, पडले तर हाड मोडणार. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, कुठे निघालात?"

ज्यांच्या घरात हे पाळतात त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहितो. निघालेल्या माणसाला "कुठे" म्हणून विचारायचं नसतं. हटकायचं नसतं. आमच्या घरात तर हा नियम फार कडक. बाबा ड्युटीला निघाले की आई "सावकाश या" एवढंच म्हणायची. आणि चुकून कोणी हटकलंच, तर बाबा परत आत यायचे, घटकाभर टेकायचे, दोन घोट पाणी प्यायचे आणि मगच बाहेर पडायचे. मी हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. त्यावर चेष्टा करणारा घरात मीच.

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर परवडलं असतं. लहान मुलाला जत्रेच्या दारातून मागे फिरवल्यावर त्याचं तोंड होतं ना, तसं झालं ते.

"हटकलंस रे," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

त्याच क्षणी फोन वाजला. मृणाल. कुजबुजत होती, "दादा, मागच्या फाटकाची कडी वाजली. मी बघितलं, कडी वर झाली आणि परत खाली पडली. मी धावत गेले... गल्लीत कोणी नाही. बाबा झोपलेत ना? काय झालं?"

मी जे झालं ते सांगून टाकलं. तिच्या फ्रिजचा आवाज तेवढा येत होता.

मग मला एकदम आठवलं. मी धावत स्वयंपाकघरात गेलो, भांड्यात पाणी घेतलं आणि बाबांच्या समोर धरलं. "बाबा, दोन घोट घ्या. जरा टेका आणि मग निघा. सावकाश या."

आयुष्यात पहिल्यांदा मी हे गंभीरपणे म्हणत होतो. बाबांनी भांड्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या त्यांच्या बाटलीकडे. बाटली रिकामी होती.

"आजचं पाणी संपलं माझं," म्हणाले. आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मी आग्रह केला नाही. डॉक्टरांनी बजावलेलं डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की भांडं परत नेऊन ओतून टाकलं. दोन घोटांनी काय होणार होतं? पुढच्या डायलिसिसला निघून गेलं असतं ते. हे मला संध्याकाळीच कळलं, पण तोवर ते जागे होऊन टीव्ही बघत बसले होते.

त्यानंतर बाबांना तशी झोप लागली नाही. दुपारी पडायचे, पण कूस बदलत राहायचे. मी दाराबाहेर थांबायचो, मोबाइल बंद ठेवायचो, बायकोला कुकर लावू द्यायचो नाही. रोज त्यांच्या बाटलीत मुद्दाम थोडं पाणी मागे ठेवायला सांगायचो, ते हसायचे. मृणालने पुन्हा दोनदा रजा काढली. अंगणात बदकं येऊन गेली, बाकी कोणी नाही. पावसाळा संपता संपता बाबा गेले, पालघरच्या हॉस्पिटलमध्ये, सकाळच्या वेळी. मृणाल पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं.

ती परत गेल्यावर विलमाने तिला विचारलं, "वडील पुन्हा आलेच नाहीत? मी काही चुकीचं बोलले का त्यांना?"

मी खूप डोकं चालवलंय. फरशीचं काहीतरी कारण काढता येईल. म्हातारीचंही काढता येईल. वाऱ्याने कडी वाजते, हेही मी मृणालला सांगून बघितलं. ती म्हणाली त्या दिवशी पान हलत नव्हतं. प्लान्टमध्ये असतो तर मी रिपोर्टवर "कारण अज्ञात" लिहून सही करून मोकळा झालो असतो. इथे तसं जमत नाही. कारण सगळं खोटं असेल तर माझं काहीच चुकलं नाही. आणि खरं असेल तर माझा बाप लेकीच्या फाटकापर्यंत पोचला होता, कडीला हात लावला होता, आणि ती आत त्याची वाट बघत बसली होती.

मृणाल मला एका शब्दानेही बोललेली नाही. कधी बोलणारही नाही, तशी ती पहिल्यापासूनच.

गेल्या महिन्यात अभयचं ऑफिस दुसऱ्या शहरात गेलं. जायला दीड तास, यायला दीड तास. तिकडे ऑफिसजवळ मोठं घर मिळत होतं, तेही विनासायास. मृणाल नको म्हणाली. अभयने मला फोन केला, दादा, तुम्ही तरी समजवा तिला, तुमचं ऐकेल. मी फोन केला, प्रवासाचं सांगितलं, थंडीचं सांगितलं, अभयच्या तब्येतीचं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं तिने.

मग म्हणाली, "दादा, बाबांना हेच घर माहीत आहे रे. मी दुसरीकडे गेले तर त्यांना रस्ता कोण दाखवणार?"

शिफ्टवर तीनशे माणसांना काय करायचं ते सांगणारा मी... अभयला फोन करून एवढंच म्हणालो, घर बदलू नका.