फळ्यावरची चूक

मार्करचा वास आला की राजारामपुरीतल्या ऑफिसमधला पांढरा फळा आठवतो. कोडची सूची करून हवं ते शोधून देणारं आमचं टूल स्वतःहून कोड बदलणाऱ्या एआय एजंटनं नीट वापरावं, म्हणून एका दुपारी मी त्याच्यासाठी सूचना लिहीत होतो : ‘आधी सूची ताजी कर. काही सापडलं नाही, म्हणजे ते कोडमध्ये नाहीच असं धरू नकोस. अडलं तर विचार.’ उचगावहून येणारे, वयानं मोठे सहकारी मागं उभे राहून वाचत होते. आदल्याच आठवड्यात ताज्या न केलेल्या सूचीत कुठं वापर सापडला नाही, म्हणून त्यांनी चालू कोड काढून टाकला होता आणि मी ती चूक सगळ्यांदेखत फळ्यावर लिहिली होती. "मशीनला समदं आधी सांगतोस की," ते हळू आवाजात म्हणाले, "माझं मात्र चुकल्यावर फळ्यावर लिवलंस." मला मान वर करवली नाही. आजही एजंट चुकला, की मी आधी माझीच सूचना तपासतो. ते चुकले तेव्हा मात्र मला फळाच दिसला होता.